तिकिटावर साडेपाच तास, हवेत सोळा

कोल्हापूरच्या माझ्या मामांना त्यांच्या मुलीनं न्यू जर्सीहून तिकिटं पाठवली. जानेवारीचा प्रवास. जाताना मुंबईहून पहाटे दोनला निघायचं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरायचं. मामांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली, त्यामुळे कुठलंही वेळापत्रक हातात आलं की ते आधी तपासणार. तपासलं आणि मला फोन केला. "अगं, साडेपाच तासांत अमेरिका? आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईला जायला याच्या दुप्पट वेळ घेते." मग परतीचं तिकीट निघालं. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला सुटणार आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोहोचणार. म्हणजे साडेचोवीस तास. "जाताना उतार आहे आणि येताना चढ, असं काही आहे का?"

मामांची चढ-उताराची शंका खरी होती, फक्त दिशा उलटी होती. आकाशात चढ आहे तो जाताना. पण तो दिसायच्या आधी घड्याळांचा गुंता सोडवावा लागतो.

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे. दोन्ही मिळून फरक साडेदहा तासांचा. पहाटे दोनला निघालेलं विमान सोळा तास उडालं तर मामांच्या मनगटावरच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजतील. त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे साडेसात. परतीला न्यूयॉर्कचे दुपारी बारा अधिक चौदा तास म्हणजे तिथले पहाटेचे दोन, त्यात साडेदहा मिळवले की आपल्याकडचे दुपारचे साडेबारा. म्हणजे प्रवास जाताना सोळा तासांचा, येताना चौदा. युक्ती एवढीच की सुटायची आणि पोहोचायची वेळ आधी एकाच गावच्या घड्याळात लिहायची आणि मग वजाबाकी करायची. तिकिटावर मात्र प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापलेली असते.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांवर येतो. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण खुद्द मुंबईनं काही कमी हट्ट केलेला नाही. १९०६ साली भारताची एकच वेळ ठरली, तरी मुंबई त्यानंतरही कित्येक वर्षं आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' वापरत राहिली.

मामांचा पुढचा प्रश्न अर्थातच अंतराचा. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मोठं प्रवासी विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. भागाकार केला तर जवळजवळ चौदा तास. मग जाताना सोळा का? हे दोन तास सांडतात कुठे?

आधी ते साडेबारा हजार कुठून आले ते बघू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीनं रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. ही वाट सरळ दिसते, पण ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. दोष पट्टीचा नाही, नकाशाचा आहे. शाळेत टांगलेल्या अनेक नकाशांचा मूळपुरुष म्हणजे गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली काढलेला नकाशा. तो होकायंत्राच्या एकाच दिशेनं जहाज हाकणाऱ्या खलाशांसाठी होता. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरायची म्हणून त्यानं उत्तर-दक्षिणेकडचा भाग ताणला. खऱ्या पृथ्वीवर मुंबईच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, तर हेलसिंकीच्या अक्षांशावर तोच एक अंश जेमतेम ५५. न्यूयॉर्क आपल्यापासून जवळजवळ १४७ अंश पश्चिमेला आहे. एवढे अंश ओलांडायचेच असतील तर जिथे अंश आखूड आहे तिथून ओलांडावेत, म्हणजे उत्तरेकडून.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट शोधतो. भूगोलात हिला बृहद्वृत्त म्हणतात. मी हिशेब करून बघितला तेव्हा मला स्वतःलाच मजा वाटली. ही रेघ मुंबईतून निघून राजकोटच्या आसपासून, कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरते. पुढे कंदाहार, तुर्कमेनिस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून हेलसिंकी, आइसलंडचं रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. पश्चिमेला जायचं म्हणून निघालेलं विमान आधी उत्तरेला तोंड करतं, आणि वाटेत आर्क्टिक वृत्ताच्या दोनेक अंश अलीकडे जाऊन येतं.

आता हीच गावं परत वाचा. सिंध, कंदाहार, मॉस्को. दोऱ्याला राजकारण कळत नाही, विमान कंपनीला कळावं लागतं.

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर हवाई वाहतूक नियंत्रण कोलमडलं आणि बहुतेक कंपन्यांनी ते आकाश टाळायला सुरुवात केली. रशियानं २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंदी घातली. भारतीय कंपन्यांना ती बंदी नाही, त्यामुळे काही काळ त्यांना उत्तर अमेरिकेच्या प्रवासात या देशांच्या कंपन्यांपेक्षा जवळची वाट मिळत होती. आणि पाकिस्तान. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर बंद झालेलं त्यांचं आकाश जुलैमध्ये उघडलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली.

याचा फटका कुणाला जास्त बसला? दिल्लीला. पृथ्वीगोलावर दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा जवळजवळ आठशे किलोमीटर जवळ आहे. पण दिल्लीच्या विमानाची पश्चिमेची वाट पाकिस्तानवरूनच जाते. ती बंद झाली की ते आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे उतरतं, अरबी समुद्रावर येतं आणि तिथून पश्चिमेला वळतं. कऱ्हाडहून पुण्याला निघालेल्या गाडीला आधी कोल्हापूर गाठायला सांगितल्यासारखं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्या काळात इंधन भरायला व्हिएन्नात उतरावं लागलं. मुंबईच्या दारातच समुद्र असल्यामुळे तिचा वळसा त्या मानानं लहान राहिला. एरवी जवळ असलेलं शहर लांबचं झालं, आणि जमीन तसूभरही हलली नाही.

समुद्रावरून गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. पुढे आखात आहे, इराण-इराक आहेत. जून २०२५ मध्ये इस्रायलनं इराणवर हल्ला केला त्या दिवशी मुंबई-दिल्लीहून निघालेली काही विमानं अर्ध्या वाटेतून मागे फिरली. सोप्या हिशेबासाठी मी मामांना वळशाचे सहाशे किलोमीटर धरायला सांगितले. साडेबारा हजारांचे १३,१०० झाले आणि हरवलेल्या दोन तासांतली चाळीस मिनिटं इथे सापडली.

आता मामांचा चढ.

आपल्या डोक्यावर साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं चालतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या नद्या आहेत. जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंडगार. या फरकामुळे वरच्या थरातली हवा उत्तरेकडे ढकलली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाटेत उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही तिथली रोजची गोष्ट, कधी कधी त्याच्या दुप्पटही. हिवाळ्यात दोन टोकांच्या तापमानातला फरक वाढतो आणि वाराही जोर धरतो. मामांचा प्रवास जानेवारीत.

या वाऱ्यांची नोंद पहिल्यांदा नीट केली ती वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्यानं ते एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत छापलं आणि त्यामुळेच ते फारसं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा वैमानिकांना कळेना की आपले बॉम्ब भलतीकडेच का पडतायत.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण तो मामांनीही मांडला. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमानानं नुसतं वर थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल!" विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं फिरते हे खरं. पण हवासुद्धा तिच्याबरोबरच फिरते आणि हवेत असलेलं विमानही. धावत्या लोकलच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाही, ती डब्याबरोबर अंधेरीला पोहोचते. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहे, पण तो वाऱ्यामार्फत, आणि त्याचा परिणाम मामांच्या अपेक्षेच्या बरोबर उलटा. पश्चिमेला जाणाऱ्याला वारा समोरून लागतो.

विमानाचे ९०० किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या हिशेबातले असतात, जमिनीच्या नव्हे. पंचगंगेत पोहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हात तेवढेच मारायचे, पण प्रवाहाबरोबर घाट पटकन येतो आणि प्रवाहाविरुद्ध येता येत नाही. संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी ६० किलोमीटर वारा समोरून लागला असं धरा. जमिनीवरचा वेग झाला ८४०. १३,१०० किलोमीटरला साडेपंधरा तासांच्या थोडं वर. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९६०, वेळ पावणेचौदा तासांच्या आत. जाण्या-येण्यातला दोन तासांचा फरक हा असा निघतो.

आणि जाताना गेलेलं येताना वसूल होतं, असंही नाही. समोरचा वारा विमानाला जास्त वेळ छळतो, कारण त्याच्यात विमान जास्त वेळ असतं. घाट चढताना एसटीचे गेलेले तास उतरताना भरून निघत नाहीत, हे मामांना सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं.

वाऱ्याचा सगळ्यात गमतीचा किस्सा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेच्या वाटेनं जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरीही वेळ कमी लागला, साडेचौदा तास, कारण सगळा रस्ता वारा पाठीवर. दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. अटलांटिकवर वादळ होतं आणि न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. हवेच्या हिशेबात ते आपल्या नेहमीच्याच चालीनं चाललं होतं, अख्खी हवाच धावत होती.

त्यामुळे अटलांटिकवर विमानांचे रस्ते रोज नव्यानं आखले जातात. त्या दिवशीचा वारा बघून, युरोपहून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि परतणाऱ्यांसाठी वेगळे. जाणारे वारा चुकवतात, येणारे शोधतात. मामा-मामी ज्या रस्त्यानं गेले त्या रस्त्यानं परत आलेच नसतील.

आता उरलेला अर्धा तास. तिकिटावरचा काळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून मोजत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकांखाली ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान मागे ढकललं की मोजणी सुरू, आणि समोरच्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागले की बंद. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, रांगेत थांबणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी वापरात साधारण एकच असते. न्यूयॉर्कला उतरल्यावरही गेटपर्यंत पोहोचायला वेळ जातोच. शिवाय वर चढताना आणि खाली उतरताना विमान ९०० नं चालत नाही. कंपन्या या सगळ्याची थोडी ढील ठेवूनच वेळ छापतात आणि मग 'वीस मिनिटं लवकर पोहोचलो' म्हणून घोषणा करतात. मामा हसले. "म्हणजे आमच्यासारखंच."

वळसा चाळीस मिनिटं, वारा तासाभराहून थोडा कमीजास्त, जमिनीवरचं रांगणं आणि चढ-उतार अर्धा तास. सोळा तास जुळले.

असं एका दमात सोळा तास उडता येणं हीच तशी अलीकडची गोष्ट आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेटनं न्यूयॉर्क गाठलं ते लंडनमार्गे. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा विमान सुरू व्हायला ऑगस्ट २००७ उजाडला. अडचण इंधनाची. आज अशा मार्गांवर चालणाऱ्या ७७७-३००ईआर विमानात सुमारे १ लाख ८० हजार लिटर इंधन मावतं. वजनात ते १४५ टनांच्या आसपास, आणि विमान सगळं मिळून साडेतीनशे टन. म्हणजे उडताना विमानाचा बराचसा भाग इंधनच असतो, आणि सुरुवातीचे काही तास जळणाऱ्या इंधनातला बराच वाटा पुढच्या तासांसाठीचं इंधन वाहून नेण्यातच जातो. पूर्वी दिंडीबरोबर सामानाच्या बैलगाड्या निघायच्या तेव्हा बैलांची वैरणही त्याच गाडीत भरावी लागायची, त्यातलाच हा प्रकार.

मामांच्या शेजाऱ्यांचा सल्ला होता की दुबईमार्गे जा, स्वस्त पडतं. अंतराच्या दृष्टीनं यात गैर काही नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००, म्हणजे सरळ वाटेपेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. पण एक जास्तीचं उतरणं, एक जास्तीचं उडणं आणि मधला मुक्काम धरला तर वेळ चार-पाच तासांनी सहज वाढतो, कधी त्याहूनही जास्त. मामींच्या गुडघ्यांना मध्ये चालायला मिळणं महत्त्वाचं की एकदाच बसून मोकळं होणं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी विनाथांबा ठरलं.

परत आल्यावर मामांनी मला वही दाखवली. नोकरीतल्या सवयीनं प्रत्येक टप्प्याची नोंद, सगळी भारतीय वेळेत. घर सोडलं सकाळी दहाला. मुंबई विमानतळ संध्याकाळी सातला. विमानाची चाकं हलली पहाटे २.१०. न्यूयॉर्कला ठोकळे लागले संध्याकाळी ५.५५. पासपोर्टची रांग, सामान, मग पुलांवरून न्यू जर्सी, मुलीच्या दारात रात्री साडेनऊ. एकूण साडेपस्तीस तास. खाली त्यांनी बेरीज मांडली होती. तेरा हजार किलोमीटर पावणेसोळा तासांत. उरलेले साडेचारशे किलोमीटर पावणेवीस तासांत. आणि शेऱ्याच्या रकान्यात: विमान वेळेवर, गाडीस तासभर उशीर, कारण पनवेल.